भरल्या घरातला एकटेपणा

मराठी साहित्यातल्या एकटेपणाची गोष्ट आपल्याकडे बहुतेक एकाच चालीवर सांगितली जाते. आधी गाव होतं, वारी होती, एकत्र कुटुंब होतं, माणूस माणसाला धरून होता. मग शहर वाढलं, गिरण्यांचे भोंगे वाजू लागले, दुसरं महायुद्ध झालं, मर्ढेकरांची कविता आली, नवकथा आली आणि माणूस तुटला. एम.ए.च्या वर्गात हेच शिकवलं जातं आणि उत्तरपत्रिकेत हेच लिहून येतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. गेल्या शंभरेक वर्षांतली मोलाची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे येते. मराठीतला सगळ्यांत खोल एकटेपणा भरल्या घरात राहतो. शहराच्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे, आणि पुष्कळदा घरानेच, जातीनेच, नात्यागोत्यानेच तो माणसाच्या पदरात टाकलेला आहे.

म्हणून आढावा जात्यापासून सुरू करायला हवा. पहाटे घर झोपलेलं असताना दळायला बसलेली सासुरवाशीण ओवी म्हणते. ओवीत माहेर आहे, भाऊ आहे, लेकीची काळजी आहे, पंढरीची वाट आहे. घरात दहा-पंधरा माणसं असतात, पण मनातलं सांगायला तिच्यापुढे असतं ते दगडाचं जातं. साने गुरुजींनी या ओव्या गोळा केल्या. पुढे गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. एवढ्या मोठ्या संख्येने बायकांना जात्याशी बोलावं लागलं, हा एकत्र कुटुंबाच्या सुखाविषयीचा बोलका पुरावा आहे. जनाबाईच्या अभंगांत तर खुद्द विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. तो भक्तीचा उत्कर्ष आहेच, पण दासी म्हणून राबणाऱ्या बाईला बरोबरीने जात्याचा खुंटा धरणारा माणसांत कोणी मिळाला नाही, हेही त्यातून कळतं. ओवीचं बळ असं की ती एकटीने म्हटली तरी एकटीची राहत नाही. पलीकडच्या घरातली बाई ती ऐकते, उचलते, आपली एक ओळ जोडते. मराठीत एकटेपणाला पहिला उतारा मिळाला तो असा, भिंतीपलीकडून.

गद्यात हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा मांडला तो लक्ष्मीबाई टिळकांनी. ‘स्मृतिचित्रे’चे भाग 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागले. हे पुस्तक मिस्कीलपणासाठी वाचलं जातं आणि ते योग्यच आहे, पण त्यातली माणसं एकमेकांपासून किती लांब उभी आहेत ते पाहण्यासारखं आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं पराकोटीचं. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत जायची नाही, मुलांनी कुठे शिवायचं नाही, कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही. स्पर्शाचंच भय ज्या घरात होतं तिथे त्या वाढल्या. मग फेब्रुवारी 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नवरा जिवंत असताना त्यांच्या वाट्याला जवळपास वैधव्य आलं. आजूबाजूला माणसं भरपूर होती. बहिणीने सांभाळलं, पंढरपूरला मुलाला घेऊन दिवस काढले. पण सांभाळणारी प्रत्येक व्यक्ती त्यांना नवऱ्यापासून दूर ठेवणं हेच आपलं कर्तव्य समजत होती. माया आणि पहारा एकाच हाताने दिले जात होते.

पुढे त्या टिळकांकडे गेल्या तेव्हाही अंतर एकदम मिटलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, शिवाशीव तशीच. एका छपराखाली राहणाऱ्या नवरा-बायकोच्या मध्ये चूल आणि पाण्याचं भांडं उभं होतं. मग हळूहळू, प्रसंगाप्रसंगाने, त्यांनी ते सोडलं. कोणाच्या हातचं पाणी प्यायल्या, कोणाच्या पंक्तीला बसल्या, पुढे परक्याची पोरं आपली म्हणून वाढवली. माणसाशी नातं जोडायला काय काय सोडावं लागतं याचा एवढा प्रामाणिक, पायरीपायरीचा हिशोब मराठीत दुसरा नाही. माझ्या मते या विषयावरचं आपलं पहिलं मोठं पुस्तक हेच.

त्याच सुमाराला, 1933 मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. विभावरी शिरूरकर हे नाव घेऊन लिहिणाऱ्या बाई कोण, यावर पुण्या-मुंबईत गदारोळ उठला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनाची घुसमट त्या कथांत होती. कमावती मुलगी घराला हवी असते, पण तिला स्वतःचं काही हवंसं वाटणं घराला चालत नाही, ही कोंडी त्यांनी उघड केली. लेखिकेला आपलं नाव लपवूनच हे बोलता आलं, यातही तीच कोंडी दिसते. या मालतीबाई बेडेकर. त्यांचे पती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ 1939 ची. नाझींच्या तडाख्यातून निसटलेली ज्यू तरुणी हेर्टा आणि परतीच्या वाटेवरचा चक्रधर बोटीवर भेटतात. त्याला उतरायला मुंबई आहे. तिला कुठलंच बंदर आपलं म्हणता येत नाही. प्रेम खरं आहे, पण त्याच्यामागे देश आहे, घर आहे, आणि धीर नाही. इतक्या छोट्या कादंबरीत इतकी मोठी अपराधाची जाणीव मराठीत क्वचितच मावली आहे.

मर्ढेकर आणि नवकथा यांच्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की इथे थोडक्यात आटोपतो. ‘काही कविता’ 1947 ची. यंत्रयुगातल्या गर्दीत चिरडलेला माणूस मराठी कवितेत असा पूर्वी आला नव्हता, आणि त्या संग्रहाचं श्रेय वादातीत आहे. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांनी मध्यमवर्गीय मनाचे बारीक कोपरे उजळले. पण नवकथेतल्या पुष्कळ एकटेपणाला आज वाचताना पोत जाणवत नाही. कोणाशी बोलायचं होतं आणि कोणी ऐकलं नाही, हे त्यात सापडत नाही. उदासी आधीच ठरलेली असते आणि प्रसंग नंतर बेतलेला. त्या मानाने ज्यांना विनोदी म्हणून बाजूला ठेवलं त्या लेखनात हे दुःख जास्त खरं उतरलं. पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा आठवा. रत्नागिरीच्या त्या म्हाताऱ्याची वाक्यं लोकांना पाठ आहेत, सभासंमेलनांत त्यावर हशा पिकतो. बायको गेलेली, मुलगा मुंबईला, आणि दिवस ढकलायला अड्ड्यावरची चार म्हातारी मंडळी. तिरकस बोलणं हा त्याचा माणसांना धरून ठेवायचा एकच मार्ग उरला आहे. हसणाऱ्या श्रोत्यांनी हे फारसं ऐकलेलं नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) या विषयासाठी पुन्हा वाचावी अशी आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. शाळा आहे, पण मुलं मेंढरांमागे गेलेली. वाडीतल्या कोणालाच त्याची गरज नाही. मग कोणाचं पत्र वाचून दाखव, कोणाची मनीऑर्डर लिही, कोणाचं भांडण मिटव, असं करत करत तो त्यांच्यात मुरतो. कारभाऱ्याची मर्जी, त्याचा गैरसमज, आनंदा रामोशाचा लळा, तालीम बांधायचा ध्यास, खुद्द राजेसाहेबांचं येणं. नातं कसं जमतं याचं इतकं साधं आणि अचूक चित्र शोधून सापडायचं नाही: मोठी भाषणं नाहीत, फक्त एकमेकांची कामं करणं. आणि मग पाऊस दडी मारतो. गवत संपतं, मेंढरं मरू लागतात, एकेक घर आपलं किडूकमिडूक घेऊन वाट धरतं. वाडी कोणी वाईट वागल्यामुळे मोडत नाही, पाण्यावाचून मोडते. माडगूळकरांना जे दिसलं ते नवकथेच्या शहरी शाखेला सहसा दिसलं नाही. माणसांचं जोडलेलं राहणं पाऊसपाण्यावर, पोटावर, जमिनीवर उभं असतं, निव्वळ मनावर नाही.

यानंतर 1963 हे साल थांबून पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली आणि त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. दोन्ही पुस्तकांनी मराठी गद्य बदललं. पण एकटेपणाचा इतिहास लिहिताना आपण ‘कोसला’वर पानंच्या पानं खर्च करतो आणि बागुलांना दलित साहित्याच्या वेगळ्या प्रकरणात ठेवतो. या वाटणीमुळे प्रश्न कळतच नाही.

‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला जातो. वसतिगृह, मेस, मित्र, निवडणुका, उधारी, नापास होणं. सगळ्यांत असून तो कशातच नाही. या सगळ्या बेफिकिरीच्या मधोमध धाकट्या बहिणीचा, मनीचा, देवीच्या रोगाने मृत्यू होतो, आणि तिथे कादंबरीचा आवाज फाटतो. तोवर टवाळकी करणारा हा मुलगा त्या पानांत आतून पूर्ण उघडा पडतो. मला ‘कोसला’चं मोठेपण त्या पानांत वाटतं. ज्याला काहीच लागत नाही असं वाटत होतं त्याला सगळंच किती लागलेलं होतं, हे तिथे कळतं. शेवटी तो गावाला परततो. वडिलांशी पटत नाही, पण घर आहे, शेती आहे, जेवायचं ताट आहे.

बागुलांच्या शीर्षककथेतल्या तरुणाला हे ताट नाही. रेल्वेच्या नोकरीवर परमुलखात, गुजरातेत आलेला हा शिकलेला, कविमनाचा मुलगा राहायला खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. आणि काय होतं? लोक त्याच्यावर प्रेम करतात. घरमालक मान देतो, घरातली माणसं जीव लावतात. जात कळते त्या दिवशी तीच माणसं त्याला तुडवतात. माणसं तीच, तो तोच. मधे फक्त एक माहिती आली. मिळालेली माया खरी होती, हे या कथेतलं सर्वांत भयंकर सत्य आहे. पांडुरंगाचा एकटेपणा त्याच्या स्वभावातून आणि वयातून येतो. या मुलाचा एकटेपणा समाजाने ठरवून, नियमाने, पिढ्यानपिढ्या लादलेला आहे. दोन्हींना एकच शब्द लावून मोकळं होणं हा समीक्षेचा आळस आहे, आणि तो आपण साठ वर्षं केला.

‘बलुतं’ (1978) मध्ये दया पवारांनी याची पुढची पायरी दाखवली. शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस मागच्या वस्तीत परका होतो आणि नव्या वस्तीत घेतला जात नाही. आणि बेबी कांबळे! ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने 1986 मध्ये आलं, पण त्या कितीतरी वर्षं आधीपासून लिहीत होत्या, आणि लिहिलेलं नवऱ्यापासून लपवून ठेवत होत्या. गावाने वेशीबाहेर ठेवलेली वस्ती, आणि त्या वस्तीत स्वतःच्या घरातही वही लपवावी लागणारी बाई. असं असूनही पुस्तकात ‘मी’ फार थोडी आहे आणि ‘आम्ही’ पानोपानी आहे. वस्तीतल्या बायकांची बाळंतपणं, उपासमार, सण, बाबासाहेबांच्या सभांनी आलेलं बळ हे सगळं त्यांनी आपलं म्हणून सांगितलं. जिला सर्वांत जास्त तोडलं गेलं तिने सर्वांत जास्त माणसांना आपल्या पुस्तकात जागा दिली.

जी. ए. कुलकर्णींचा विचार मुद्दाम मागे ठेवला होता. मराठीत एकाकी लेखक म्हटलं की धारवाडचा हाच माणूस डोळ्यांपुढे येतो. काळा चष्मा, सभासमारंभांना कायमचा नकार, ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणं. कथांतली माणसंही तशीच: नियतीने कोपऱ्यात गाठलेली, ज्यांच्या हाताला लागलेलं प्रत्येक माणूस निसटून जातं. ‘कैरी’तलं पोरकं मूल आणि त्याला जीव लावणारी तानीमावशी ही तर या सगळ्या कथांतली दुखरी नस आहे. त्या मावशीला स्वतःच्या संसारात सुख नाही, आणि जे थोडं द्यायला आहे ते ती त्या मुलाला देते.

पण जी.एं.ची पत्रं वाचली की हे चित्र बदलतं. ती मौज प्रकाशनाने खंडाखंडाने प्रसिद्ध केली आहेत आणि पहिल्याच खंडात पु. लं.च्या पत्नी सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रं आहेत. सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली पत्रंही ‘प्रिय जी.ए.’ या नावाने आली. माणसांत न जाणारा हा माणूस पानंच्या पानं मोकळेपणाने लिहितो. पुस्तकांबद्दल, चित्रांबद्दल, बेळगावच्या लहानपणाबद्दल, रस्त्यात दिसलेल्या एखाद्या म्हातारीबद्दल. नंदा पैठणकरांच्या ‘प्रिय बाबुआण्णा’मध्ये तर मावसबहिणींचा सांभाळ करणारा, त्यांच्या दुखण्याखुपण्याची काळजी वाहणारा घरातला थोरला भाऊ दिसतो. ज्यांना आपण संन्यस्त समजलो ते घरात अण्णा होते. गर्दी नको असणं आणि माणसं नको असणं यांत केवढं अंतर आहे ते या पत्रांनी मला शिकवलं. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ (1990) याच्या शेजारी ठेवावं. महाराष्ट्राचं लाडकं घर, सतत राबता, आणि त्या घरातली अत्यंत स्वाभिमानी बाई आपल्या मनाची दखल घेतली जात नाही हे शांतपणे नोंदवते. मनासारखा श्रोता त्यांना घरात कितपत मिळाला ते वाचकाने ठरवावं. धारवाडच्या पत्त्यावर मात्र तो मिळाला.

नाटकाला या प्रश्नात विशेष जागा आहे, कारण तिथे ऐकणारे लोक समोर बसलेलेच असतात. तेंडुलकरांच्या पहिल्या काळातल्या एका नाटकाचं नावच ‘माणूस नावाचे बेट’ होतं. पण खरा घाव घातला तो 1967 च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात सहकारी मंडळी लीला बेणारेला घेरतात. तिला बोलायला काही सेकंद दिले जातात, आणि तिचं दीर्घ स्वगत सुरू होतं तेव्हा रंगमंचावरची माणसं थिजलेली असतात. तिचं म्हणणं त्यांच्यापैकी एकालाही ऐकू जात नाही, ऐकतो तो प्रेक्षक. सुलभा देशपांड्यांनी ते स्वगत अजरामर केलं. जात्यापासून निघालेली बाई इथवर आली तरी तिला अजून भिंतीपलीकडचाच श्रोता शोधावा लागतो.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (1985) घर इतकं भरलेलं आहे की श्वास घ्यायला जागा नाही. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, तात्याजी वारलेले. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. अंधारातून सारखी किती वाजले विचारणारी दादी. शिकायची ओढ असून शिकू न दिलेली प्रभा. सगळ्यांसाठी राबणारा आणि कोणाच्याच खिजगणतीत नसलेला चंदू. तेराव्याचा खर्च कोणी करायचा यावरून सख्खे भाऊ भांडतात, आणि त्याच भांडणात अधूनमधून जुनी माया उसळून येते. एलकुंचवारांनी कोणालाही खलनायक केलं नाही. घराण्याची अब्रू सांभाळताना घरातली माणसं एकमेकांना कशी सांडली, ते त्यांनी तीन नाटकांच्या मोठ्या पटावर मांडलं. मराठीत कुटुंबाविषयी याहून खरं लिहिलं गेलेलं नाही असं मी म्हणेन.

याउलट ‘नटसम्राट’ (1970) मध्ये पोटच्या मुलांनी दूर लोटलेल्या अप्पा बेलवलकरांना आसरा देतो तो बूटपॉलिशवाला पोरगा, राजा. रक्ताच्या नात्याने जे नाकारलं ते फुटपाथने दिलं. त्याच दशकात जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने मुलं दुरावलेल्या नाना-नानींना रंगमंचावर आणलं. दारात येणारा प्रत्येक जण त्यांना घटकाभर बसायला हवा असतो. परदेशी मुलगा, रिकामं घर, ठरलेल्या वेळेची वाट. तेव्हा हे चित्र थोड्या घरांचं होतं. आज पुण्याच्या किंवा डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीत ते मजल्यामजल्यावर सापडतं.

नव्वदनंतरच्या लेखनात बोलण्याची भीड मोडली. मेघना पेठ्यांच्या ‘हंस अकेला’ (1997) मधल्या बायका एकटेपणाची तक्रार करत नाहीत, त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहतात आणि नात्यांची किंमत स्वतः ठरवतात. श्याम मनोहरांनी कुटुंबातल्या माणसांना एकमेकांविषयी मुळात कुतूहलच का नाही हा प्रश्न विचारला. माझ्या दृष्टीने तो या सगळ्या काळातला सर्वांत मूलगामी प्रश्न आहे. आणि सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006). भाऊ आणि बहीण, तनय आणि अनुजा, एकाच तरुणावर प्रेम करतात. तो निघून जातो. एकाच घरात दोघं एकाच माणसासाठी झुरतात. तिचं दुःख घराला कळलेलं आहे, निदान रागावण्यापुरतं. त्याच्या दुःखाला घरात नावच नाही. दोन स्वगतं एका पुस्तकात लागून छापलेली आहेत आणि एकमेकांना ऐकू येत नाहीत. मांडणीनेच सगळं सांगणारी अशी कादंबरी विरळा.

एवढं सगळं वाचून माझं मत पक्कं झालं आहे. एकटेपणाचं नुसतं वर्णन करणारी पुस्तकं लवकर जुनी होतात. दार कोणी लावलं आणि पलीकडे कोण उभं आहे हे ज्या लेखकाला माहीत असतं त्याचं पुस्तक टिकतं. या कसाला ‘स्मृतिचित्रे’, ‘बनगरवाडी’, बागुलांची कथा, ‘जिणं आमुचं’ आणि ‘वाडा चिरेबंदी’ उतरतात. पुष्कळशी गाजलेली उदास कथा उतरत नाही.

आणि एक मोठी उणीव राहून गेली आहे. आज शहरांत म्हाताऱ्या माणसांची सगळी सोबत म्हणजे बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या मावशी किंवा दादा. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली ही माणसं आपली पोरं गावी ठेवून दुसऱ्यांचे आईवडील सांभाळतात. दोन एकटी माणसं, एक पलंगावर आणि एक खुर्चीवर, मधे औषधांचं टेबल. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं हा लक्ष्मीबाईंचा प्रश्नही त्या खोलीत अजून पुष्कळदा असतो. या खोलीवर मराठीत मोठी कादंबरी नाही. ती जिला लिहिता येईल ती बहुधा त्या खुर्चीवरच बसलेली असेल. तिने लिहावं, आणि प्रकाशकांनी, दिवाळी अंकांच्या संपादकांनी तिला शोधून काढावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.